यशस्वी नातेवाइकाचा सल्ला: साक्ष कुठे संपते, निवाडा कुठे सुरू होतो

तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून मला समजलेला त्याचा सारांश आधी मांडतो. तुम्ही चोवीस वर्षांच्या आहात आणि संख्याशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर गेली दोन वर्षे सार्वजनिक आरोग्याच्या एका संशोधन प्रकल्पात विश्लेषक म्हणून काम करीत आहात. तुमचे मामा वित्तक्षेत्रात अगदी खालच्या पदापासून चढत गेले आणि आज एका मोठ्या संस्थेच्या जोखीम विभागाचे प्रमुख आहेत. त्यांनी तुम्हाला समोर बसवून सांगितले की संशोधनात पैसा नाही, निधी संपला की नोकरी संपते, तू कर्जजोखमीच्या, म्हणजे कर्ज बुडण्याचा धोका मोजण्याच्या, कामात ये, मी शब्द टाकतो, आणि तिशीपर्यंत जी वाट धरशील तीच पुढे राहते. त्यातले बरेचसे पटूनही तुमचे मन तयार होत नाही, आणि आपण घाबरलो आहोत की आपल्याला ते काम खरोखरच नको आहे, हे तुम्हाला उमगत नाही. त्यांच्या ओळखीने गेल्यावर जमले नाही तर काय, ही शंका तुम्ही शेवटी एका ओळीत उरकली आहे. माझ्या मते ती एका ओळीची नाही; तिच्याकडे नंतर येतो.

सल्ला मानावा की नाकारावा, असा प्रश्न तुम्ही स्वतःला घातला आहे, आणि अडचण तिथूनच सुरू होते. मामा तासभर एकाच सुरात बोलले असले, तरी त्यांच्या बोलण्यात चार निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत: त्यांनी पाहिलेल्या क्षेत्राची माहिती, स्वतःच्या यशाची त्यांनी लावलेली कारणे, तुमच्याविषयीचे त्यांचे भाकीत, आणि चांगले आयुष्य कशाला म्हणावे याविषयीचे त्यांचे मत. पहिल्या बाबतीत त्यांच्यासारखा साक्षीदार तुम्हाला क्वचितच मिळेल. उरलेल्या तिन्ही बाबतींत ते निवाडा देत आहेत, आणि त्यासाठी लागणारा सगळा पुरावा त्यांच्यासमोर नाही. मी अनेक वर्षे करिअर समुपदेशनाचे काम करतो. एखाद्या कर्तबगार काका-मामा-मावशीच्या बोलण्याने अडखळलेली तरुण मंडळी माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेक वेळ ही गुंतवळ सोडवण्यातच जातो. ती सुटली की निर्णय त्यांचा तेच घेतात.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तिच्यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. तुमच्यावर शिक्षणाचे कर्ज आहे का, घरातील कोणी तुमच्या पगारावर अवलंबून आहे का, आणि प्रकल्पाचा निधी आणखी किती काळ निश्चित आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. कर्जाचे हप्ते चालू असतील, शिल्लक फारशी नसेल आणि प्रकल्प काही महिन्यांत संपणार असेल, तर आवडीनिवडीची चर्चा जरा बाजूला ठेवून मामांची संधी गांभीर्याने घ्यावी, असेच मी सांगेन. हातात पगार असताना केलेला विचार बहुधा अधिक नीट होतो. याउलट दीड-दोन वर्षांचा निधी निश्चित असेल आणि अंगावर देणे नसेल, तर घाई करण्याचे कारण फक्त मामांच्या स्वरात आहे, तुमच्या परिस्थितीत नाही. पुढचे सारे मी ही दुसरी परिस्थिती गृहीत धरून लिहितो.

आता मामांची साक्ष. निधीवर चालणाऱ्या संशोधनातील अस्थिरतेविषयी ते जे म्हणाले ते मुळात खरे आहे, आणि तुम्हीही ते नाकारत नाही. कर्जजोखमीच्या कामात कोणाला बढती मिळते, पाचव्या आणि दहाव्या वर्षी माणूस काय करीत असतो, कोणत्या कौशल्यांना बाजारात मागणी आहे, कोणती कामे आता यंत्राकडे चालली आहेत, या गोष्टी त्यांनी आतून पाहिल्या आहेत. शिवाय तुमचे शिक्षण तिकडे वाया जाणार नाही, हेही मला त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. आरोग्य संशोधनात तुम्ही जे सर्व्हायव्हल अॅनालिसिस वापरता, म्हणजे रुग्ण किती काळ जगला किंवा आजार किती काळाने उलटला याचा अभ्यास, तेच तंत्र कर्जदार किती महिन्यांनी हप्ते थकवतो हे पाहण्यासाठी वापरले जाते. कॅप्लान आणि मायर यांची १९५८ सालची पद्धत असो की डेव्हिड कॉक्स यांचे १९७२ सालचे मॉडेल असो, गणित तेच राहते, फक्त मृत्यूच्या जागी थकबाकी येते. दोन्हीकडे अभ्यासाचा काळ संपेपर्यंत ज्यांच्या बाबतीत ती घटना घडलेलीच नाही, अशा नोंदींचे काय करायचे, हीच पहिली कटकट असते.

मात्र तंत्र बरोबर येते म्हणून सगळेच बरोबर येते असे नाही. दोन वर्षांत तुम्ही आरोग्याच्या नोंदींतील खाचाखोचा शिकला असाल: कोणती नोंद कोण भरतो, कुठे आकडा रिकामा राहतो आणि का राहतो, कोणत्या डॉक्टरांना काय विचारावे. हे ज्ञान कर्जाच्या नोंदींत उपयोगी पडत नाही, तिथले नव्याने कमवावे लागते. म्हणून क्षेत्र बदलताना तुम्ही शून्यावर जाणार नाही, पण आज जिथे आहात तिथेही राहणार नाही. परतीच्या वाटेचा विचारही असाच करावा. दोन-तीन वर्षांनी आरोग्य संशोधनात परत येणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. अडवते ते बहुधा वाढलेल्या पगाराला जुळवून घेतलेले राहणीमान. ‘तिशीपर्यंत जी वाट धरशील तीच पुढे राहते’ या वाक्यात तथ्य असेल तर ते एवढेच आहे, आणि त्यावर काही प्रमाणात आपला ताबा असतो.

दुसरी गोष्ट मामांनी लावलेल्या स्वतःच्या यशाच्या कारणांची. ‘मी सांगतील ते काम केले, नोकऱ्या बदलल्या नाहीत, म्हणून इथवर आलो,’ असे ते म्हणाल्याचे तुम्ही लिहिता. ते खोटे बोलत आहेत असे मुळीच नाही. माणसाला स्वतःच्या वागण्याची आणि निवडीची कारणे जेवढी ठाऊक आहेत असे वाटते तेवढी ती ठाऊक नसतात. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात याचे एक साधे उदाहरण आहे. दुकानात आलेल्या लोकांपुढे पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि त्यांतला सर्वांत चांगला निवडायला सांगितले. चारही जोड एकसारखेच होते, तरी सर्वांत उजवीकडचा जोड निवडण्याकडे लोकांचा ठळक कल दिसला. कारण विचारल्यावर त्यांनी वीण, पोत असे काहीबाही सांगितले. मांडणीतील जागेमुळे आपण तो उचलला, असे कोणीही म्हणाले नाही. मोज्यांच्या एका जोडाविषयी ही अवस्था, तर तीस वर्षांच्या नोकरीविषयी सांगितलेली सुसंगत कथा कितपत अचूक असेल, याचा विचार करावा.

या कथेतून हमखास गळते ती गोष्ट म्हणजे प्रवेशाचा काळ. वित्तक्षेत्राविषयीच एक अभ्यास आहे. पॉल ओयर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्यांची माहिती तपासली आणि २००८ साली निष्कर्ष मांडले. शिक्षण चालू असताना शेअर बाजार तेजीत असेल, तर पदवीनंतर थेट वॉल स्ट्रीटवर जाणाऱ्यांचे प्रमाण वाढते. आणि ज्यांची सुरुवात तिथे होते ते पुढेही तिथेच असण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे आयुष्यभराच्या कमाईतही फरक पडतो. म्हणजे एकाच वर्गखोलीत बसण्याची पात्रता असलेल्या दोघांच्या वाटा केवळ पदवीच्या वर्षामुळे वेगळ्या होऊ शकतात. त्यांपैकी यशस्वी झालेला वीस वर्षांनी आपल्या भाचीला बाजाराच्या तेजीबद्दल सांगणार नाही. तो चिकाटीबद्दल सांगेल, आणि चिकाटी त्याने दाखवलेली असतेच. म्हणून मामांना ‘तुम्ही यशस्वी कसे झालात’ असे विचारू नका. ‘तुमच्याबरोबर लागलेले बाकीचे लोक आज कुठे आहेत’ असे विचारा. त्यांतले किती टिकले, किती सोडून गेले, जे गेले ते का गेले, आणि त्या वर्षी किती भरती झाली होती, एवढे कळले तरी मामांचा अनुभव पुष्कळ पटींनी उपयोगी होईल. हा प्रश्न आवडीने सांगण्यासारखा असतो. बहुतेक ज्येष्ठ त्यावर तासभर बोलतात.

तिसरी गोष्ट तुमच्याविषयीच्या भाकिताची. ‘तुझ्यासारखी मुलगी तिथे चमकेल’ हे वाक्य तुम्हाला सर्वांत जास्त खुपले आणि सर्वांत जास्त सुखावलेही, असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. नातेवाईक आपल्याला घरात, समारंभात आणि परीक्षेच्या निकालाच्या दिवशी पाहतात. आपण काम करताना कसे असतो हे त्यांनी पाहिलेले नसते, आणि त्यांच्या मनातील आपले चित्र बहुधा दहा-बारा वर्षे मागे राहिलेले असते. गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुलगी मामांना आठवते. चुकीच्या नोंदी शोधण्यात आठवडे घालवूनही न कंटाळणारी, किंवा तेच काम करताना वैतागून जाणारी विश्लेषक त्यांना ठाऊक नाही. यांपैकी तुम्ही कोण आहात हे तुमच्या प्रकल्पप्रमुखांना आणि शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला अधिक ठाऊक असेल. मी साधारणपणे असे सुचवतो की तुम्हाला काम करताना पाहिलेल्या दोघा-तिघांना एकच गोष्ट विचारा: कोणत्या प्रकारचे काम मी न सांगता आधी हाती घेते आणि कोणते शेवटपर्यंत टाळते? उत्तरे सारखी आली तर ती मामांच्या भाकितापेक्षा वजनदार माना.

इथे नातेवाइकांच्या बाजूनेही एक नोंद केली पाहिजे. अपमान झाल्यावर तुम्ही किती दिवस धुमसता, अनिश्चितता तुम्हाला किती पोखरते, एकटेपणा मानवतो का, या गोष्टी घरच्यांना सहकाऱ्यांपेक्षा चांगल्या ठाऊक असतात. मामांनी निधीच्या अस्थिरतेचा मुद्दा तुमच्या अशा एखाद्या स्वभावाकडे पाहून काढला असेल, तर तो भाकिताच्या खात्यात न टाकता साक्षीच्या खात्यात टाका.

चौथी गोष्ट चांगल्या आयुष्याच्या कल्पनेची. तिच्याबद्दल फार लिहीत नाही. मामांनी टंचाई पाहिली असेल तर त्यांच्या लेखी सुरक्षितता सर्वांत वर असणे स्वाभाविक आहे, आणि तुमच्या लेखी दुसरे काही वर असेल तर तेही. या प्रश्नावर कोणी कोणाला पुराव्याने हरवू शकत नाही. तसा प्रयत्न करणारे वाद घरोघर वर्षानुवर्षे चालतात आणि त्यांतून करिअरचा एकही निर्णय झालेला मी पाहिलेला नाही.

एवढे वाचून मामांचा सल्ला मोडीत काढावा असे वाटू लागले असेल, तर जरा थांबा. सल्ला मिळाल्यावर माणसे तो किती विचारात घेतात यावर इलान यानिव आणि एली क्लाइनबर्गर यांनी प्रयोग केले आणि ते २००० साली प्रसिद्ध झाले. त्यांत असे दिसले की लोक दुसऱ्याच्या मतापेक्षा स्वतःच्या मताला गरजेपेक्षा जास्त वजन देतात, आणि त्याची किंमत अचूकतेत मोजतात. त्यामागचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मला रोजच्या कामात फार उपयोगी पडते: आपल्या मतामागची कारणे आपल्याला दिसत असतात, सल्ला देणाऱ्याच्या मतामागची दिसत नाहीत. तुमच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. मामांचे निष्कर्ष तुम्ही ऐकलेत. ते ज्यावरून काढले ते प्रसंग तुम्ही ऐकलेले नाहीत. निवाड्याशी झगडत बसण्यापेक्षा त्यामागचे प्रसंग बाहेर काढणे अधिक फायद्याचे आहे.

म्हणून मामांना पुन्हा भेटा, आणि या वेळी विषय तुम्ही ठरवा. ‘मी काय करू’ हा प्रश्न त्या भेटीत येऊच देऊ नका, कारण तो आला की ते पुन्हा न्यायासनावर बसतील. त्याऐवजी त्यांच्या विभागात दोन-तीन वर्षांपूर्वी लागलेली व्यक्ती मंगळवारी सकाळी काय करते ते विचारा. किती वेळ मॉडेल बांधण्यात जातो, किती वेळ दुसऱ्याने बांधलेले मॉडेल तपासून त्याचा अहवाल लिहिण्यात जातो, आणि किती वेळ नियामकांसाठी कागदपत्रे तयार करण्यात जातो? बाहेरून येणाऱ्यांना पहिल्या भागाचे आकर्षण असते आणि नोकरीत दुसरे दोन भागच जास्त वाट्याला येतात, असे मी या क्षेत्रातील अनेकांकडून ऐकले आहे. तिथून कोण सोडून गेले आणि मामांना त्याचे वाईट वाटले, हेही विचारा. चांगली माणसे का जातात, हे प्रमुखाइतके नेमके कोणालाच सांगता येत नाही.

आणि निघताना त्यांच्याकडून दोन-तीन नावे मागून घ्या, त्यांच्या बरोबरीच्या अधिकाऱ्यांची नव्हे, तर तुमच्या वयाच्या आसपासच्या, हे काम आज करीत असलेल्या लोकांची. मला विचाराल तर मामांच्या ओळखीचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली दाखवले की ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांच्यापैकी फक्त १६.७ टक्के लोकांची ती ओळख वारंवार भेटणाऱ्या व्यक्तीशी होती. इतरांना नोकरी अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली. त्यांचा नमुना लहान होता. पण २०२२ साली लिंक्डइनवरील २ कोटींहून अधिक लोकांच्या पाच वर्षांच्या माहितीवर आधारलेला प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि त्यातही नोकरी बदलण्यास सर्वाधिक मदत मध्यम सैल, म्हणजे फार जवळच्याही नाहीत आणि अगदी दूरच्याही नाहीत अशा, ओळखींची झाल्याचे आढळले. कारण उघड आहे: जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. मामा जवळचे आहेत, पण त्यांच्या विभागातील पंचविशीतील विश्लेषक तुमच्या वर्तुळाबाहेरचा आहे.

त्या विश्लेषकाला तुम्ही काय विचाराल, यावरून तुमच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे भीती आणि नावड यांतील फरकाकडे येता येते. माझ्या अनुभवात भीतीचा रोख दाराकडे असतो: मुलाखत, पहिले महिने, काही न येण्याची लाज, मामांची मान खाली जाण्याची धास्ती. नावडीचा रोख स्थिरावल्यानंतरच्या साध्या दिवसाकडे असतो. म्हणून मी लोकांना असे समजायला सांगतो की नोकरी मिळाली, जमली, कौतुकही झाले, आणि आता तिसरे वर्ष चालू आहे. हे चित्र डोळ्यांसमोर आणल्यावर जीव हलका झाला, तर आधीची अस्वस्थता भीतीची होती. यश गृहीत धरूनही मन उतरले, तर नकोपणा खरा असण्याची शक्यता मोठी.

या कसोटीला मर्यादा आहे आणि ती लपवणे बरोबर होणार नाही: न पाहिलेल्या दिवसाची कल्पना करण्यात आपण सगळेच कच्चे असतो. डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थिनींना एका अनोळखी तरुणाशी होणारी काही मिनिटांची भेट आपल्याला किती आवडेल याचा अंदाज करायचा होता. काहींना त्याची माहिती आणि छायाचित्र दिले, तर काहींना फक्त आधी त्याला भेटलेल्या दुसऱ्या एका मुलीला ती भेट किती आवडली एवढेच सांगितले. दुसऱ्या प्रकारचे अंदाज अधिक अचूक ठरले. काही मिनिटांची भेट आणि काही वर्षांची नोकरी यांत अंतर आहे, त्यामुळे यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तरी दिशा माझ्या अनुभवाशी जुळते: कामाचे वर्णन वाचून मनाशी चित्र रंगवण्यापेक्षा ते काम आज करणाऱ्याला ‘काल दिवस कसा गेला’ असे विचारलेले बरे. आणि त्याहूनही बरे म्हणजे स्वतः थोडे करून पाहणे. कर्जफेडीच्या नोंदींचे सर्वांसाठी खुले असलेले संच उपलब्ध आहेत. त्यांतला एक घ्या, थकबाकीचे एक साधे मॉडेल बांधा, आणि मग मुद्दाम कंटाळवाणा भाग करा, म्हणजे त्या मॉडेलच्या गृहीतकांची आणि उणिवांची पाच-सहा पानी तपासणी लिहून तो अहवाल त्याच तरुण विश्लेषकाला दाखवा. ते लिहिताना वेळ कसा गेला, यातून तुम्हाला मामांच्या आणि माझ्याही बोलण्यापेक्षा अधिक कळेल.

आता ती एका ओळीची शंका. ओळखीने नोकरी मिळण्यात कमीपणा नाही, पण मामांच्याच विभागात त्यांच्या हाताखाली लागणे शक्यतो टाळावे. तिथे तुमचे यश तुमचे मानले जाणार नाही, तुमच्या चुका मात्र दोघांच्या नावावर जमा होतील, आणि नोकरी सोडण्याचा निर्णय राजीनाम्याऐवजी कौटुंबिक प्रकरण होऊन बसेल. शब्द टाकायचाच असेल तर तो दुसऱ्या विभागात किंवा दुसऱ्या संस्थेत टाकावा, आणि तोही फक्त मुलाखतीपर्यंत पोहोचवण्यासाठी, अशी विनंती करा. त्याच वेळी हेही सांगून ठेवा की निवड झाली तर मी अमुक काळ मनापासून काम करीन आणि त्यानंतर राहायचे की नाही ते ठरवीन. हा काळ किमान दीड वर्षाचा असावा. पहिले सहा-आठ महिने तर नव्या जागेची भाषा शिकण्यातच जातात. हे बोलणे आधी झाले तर पुढे सोडताना दगा दिल्यासारखे वाटत नाही.

आणि जायचे नाही असे ठरले, तर मामांना ते इतर कोणाकडून कळण्याआधी स्वतः भेटून सांगा. तुमचा सल्ला पटला नाही, असे म्हणू नका. ते अर्धे खोटेही ठरेल. त्यांच्याकडून कोणती माहिती मिळाली आणि तिचा तुम्ही कसा उपयोग केला ते सांगा, उदाहरणार्थ निधीची मुदत तपासली, सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला टाकायला सुरुवात केली, त्यांनी सुचवलेल्या मुलाशी बोललात, अहवाल लिहून पाहिला. मग प्रकल्पाचा निधी संपण्याच्या सुमारास पुन्हा भेटायला येईन, असे सांगून ती तारीख त्यांच्यासमोरच ठरवा.